‘सत्तांतर’ आणि नायकत्वाचे आव्हान : रूढी, घटना आणि अन्वयार्थ

मराठीत ‘टोळी’ या शब्दाचा संचार मोठा आहे. झाडावरच्या वानरांची टोळी असते, तशी दरोडेखोरांचीही असते. कोल्हापूर-सांगली परिसरात गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या येतात आणि प्रत्येक टोळीला तिचा मुकादम असतो. मानववंशशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकांतून आदिवासी समाजालाही ‘टोळी’ म्हटले गेले आणि त्याच्या मुखियाला ‘टोळीप्रमुख’. एकाच शब्दाखाली वानर, दरोडेखोर, कष्टकरी आणि आदिवासी असे चौघे उभे राहिले की एकाविषयीची समजूत दुसऱ्यावर सहज चढते. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ (१९८२) या कादंबरीचे वर्गावर्गांतून जे वाचन होते, त्यात ही चढाओढ स्पष्ट दिसते.

१९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या या छोटेखानी कादंबरीचे कथानक दोन-तीन वाक्यांत सांगता येते. वानरांची एक टोळी, तिचा नायक, माद्या आणि पिले. बाहेरून आलेल्या नरांचा हल्ला होतो, जुना नायक पराभूत होतो, नवा नायक टोळीचा ताबा घेतो आणि जुन्याची पिले मारली जातात. या कथानकाविषयी लिहिताना विद्यार्थी, आणि क्वचित शिक्षकही, एक ठरावीक वाक्य वापरतात : टोळीच्या नियमानुसार बलवान नराने नायकाला आव्हान दिले व टोळीचे नेतृत्व मिळवले. या वाक्यातील ‘नियम’, ‘आव्हान’ आणि ‘नेतृत्व’ हे तिन्ही शब्द मानवी व्यवहारातले आहेत. वानरांच्या झुंजीला ते लागू करताना आपण तिला रूढीचा दर्जा देतो, आणि रूढीचा दर्जा दिला की ओघानेच तिला एक प्रकारची मान्यताही देतो. कादंबरी खरोखर हा दर्जा देते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

‘टोळीचा नियम’ ही कल्पना विद्यार्थ्यांच्या मनात केवळ शब्दाच्या संदिग्धतेतून आलेली नाही. तिचा एक मोठा पुरवठा अद्‌भुतरम्य खेळांतून आणि चित्रपटांतून होत असतो. आजच्या पदव्युत्तर वर्गातील अनेक विद्यार्थ्यांना पात्रभूमिकेचे खेळ, म्हणजे ज्यांना सर्रास ‘रोल प्लेइंग गेम’ म्हटले जाते ते, संगणकावरून किंवा मोबाईलवरून परिचित असतात. या खेळांचे मूळ रूप मात्र बैठकीचे आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो आणि एक जण सूत्रधार होऊन त्या काल्पनिक जगाचा कारभार पाहतो. १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला, तेथून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. त्याच्या १९७८ च्या विस्तारित नियमपुस्तकात काही पदांवर बढती मिळवण्यासाठी त्या पदावरील व्यक्तीला द्वंद्वात हरवावे लागे. वरच्या पदांची संख्याच मोजकी ठेवलेली होती. पुढे १९९२ मध्ये आलेल्या ‘वेअरवुल्फ : द अपोकॅलिप्स’ या खेळात मानव-लांडग्यांच्या जमाती कल्पिल्या गेल्या आणि त्यांच्या आचारसंहितेत नायकत्वाच्या आव्हानाचे कलमच घातले गेले. शांततेच्या काळात नायकाला कधीही आव्हान देता येईल. युद्धकाळात मात्र देता येणार नाही. आव्हानाचे प्रकारही तीन : नजरेला नजर भिडवून समोरच्याला मान खाली घालायला लावणे, कोडी किंवा बुद्धीच्या खेळात हरवणे आणि प्रत्यक्ष द्वंद्व. यांपैकी दुसरा प्रकार वाचताना मराठी वाचकाला कलगी-तुऱ्याच्या फडातील सवाल-जबाब आठवल्यावाचून राहणार नाहीत.

या खेळांकडे वाङ्‌मयाच्या अभ्यासकाने तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. एका दृष्टीने ते अन्वयार्थाचे उत्तम शिक्षण देतात. वर सांगितलेले कलम वरवर सोपे दिसते. पण युद्धकाळ म्हणजे नेमका कोणता काळ? जी जमात पिढ्यान्‌पिढ्या शत्रूशी लढतेच आहे, तिच्यात शांततेचा काळ कधी येतो? नायकच ‘आता युद्ध चालू आहे’ असे जाहीर करीत राहिला तर त्याला कधीच आव्हान देता येणार नाही. मग युद्ध आहे की नाही हे ठरवायचे कोणी? खेळाच्या पुस्तकात जेथे उत्तर संपते तेथे सूत्रधार आणि खेळाडू यांची चर्चा सुरू होते. रूढीचा अर्थ तिच्या शब्दांत नसतो, तिचा अर्थ लावणाऱ्या समूहात असतो, हे तेथे अनुभवाने कळते. २०१८ मधील ‘ब्लॅक पँथर’ या लोकप्रिय चित्रपटाचा कळीचा प्रसंगही असाच आहे. त्यातील काल्पनिक आफ्रिकी राज्यात राजाला द्वंद्वाचे आव्हान देण्याची रीत आहे आणि शरणागती किंवा मृत्यू यांनीच द्वंद्व संपते. कड्यावरून खाली फेकला गेलेला राजा जिवंत परततो व सांगतो की आपण शरण गेलो नव्हतो आणि मेलेलोही नाही. तेव्हा द्वंद्व संपलेच नाही, की नव्या राजाच्या राज्यारोहणाने ते संपले? सेनेत यावरून फूट पडते. रूढी एकच असते. भांडण तिच्या अर्थावरून होते.

यातून एक गोष्ट हाती लागते. आव्हान ही रूढी आहे असे म्हणायचे तर काही प्रश्नांना उत्तरे असावी लागतात. आव्हान कोणी द्यावे, केव्हा द्यावे, कोणाच्या साक्षीने द्यावे आणि हरणाऱ्याचे पुढे काय व्हावे. यांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा मानला पाहिजे, कारण जिंकणाऱ्याचे काय होणार हे रूढी नसतानाही स्पष्टच असते. कोल्हापूरच्या वाचकाला यासाठी दूर जावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती होते तेव्हा जोड ठरवून लावली जाते, हलगी वाजते, पंच असतात, खांदे मातीला लागले की निकाल होतो आणि निकाल लागला की झुंज थांबते. चितपट झालेला मल्ल लंगोटाची माती झाडून उठतो. जिंकणारा कित्येकदा त्याच्या पाठीवर थाप मारतो. त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्याचे नाव त्याच्यापाशी राहते. पुढच्या मैदानात तो पुन्हा उतरू शकतो. हरण्याला जागा करून देणे हे रूढीचे काम आहे आणि खासबागेत ते चोख होते.

भारतीय परंपरेत वानरांच्या राज्यावरून झालेल्या आव्हानाची सर्वांत प्रसिद्ध कथा वाली-सुग्रीवाची. ती ‘सत्तांतर’च्या वाचनाला फार उपयोगी पडते. वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात सत्ता तीनदा हात बदलते. मायावी दानवाचा पाठलाग करीत वाली गुहेत शिरतो. सुग्रीव वर्षभर द्वाराशी थांबतो, रक्त वाहून आलेले पाहून भाऊ मेला असे समजतो, द्वार शिळेने बंद करून परततो आणि मंत्री त्याला राज्यावर बसवतात. वाली परत येतो, सुग्रीवाला हाकलून देतो व त्याची पत्नी रुमा हिला ठेवून घेतो. मग रामाच्या पाठबळावर सुग्रीव किष्किंधेच्या वेशीशी जाऊन गर्जना करतो. पहिल्या झुंजीत दोघे भाऊ सारखेच दिसत असल्याने रामाला बाण सोडता येत नाही आणि सुग्रीव मार खाऊन पळतो. दुसऱ्या वेळी त्याच्या गळ्यात ओळखीसाठी गजपुष्पीची वेल घातली जाते. इतका मार खाल्लेला भाऊ इतक्या लवकर परत आला याचा अर्थ त्याला कोणाचे तरी साहाय्य आहे, हे तारेच्या लक्षात येते. ती वालीला बाहेर जाऊ नको म्हणून विनवते. वाली जातो, कारण दाराशी येऊन कोणी आव्हान दिले असता न जाणे त्याला शक्य नाही. येथे रूढी आहे आणि ती वालीला बांधून ठेवते.

त्यानंतरचा वाद सर्वपरिचित आहे. दुसऱ्याशी लढत असताना लपून बाण मारणे हा कोणता धर्म, असे मरणोन्मुख वाली विचारतो. रामाच्या उत्तरात दोन युक्तिवाद आहेत आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. धाकट्या भावाची पत्नी भोगणाऱ्यास देहदंड हाच योग्य, हा पहिला. हा वालीला मनुष्यधर्माच्या कक्षेत आणतो. तू शाखामृग आहेस आणि मृगाची शिकार आडून, पाश टाकून करण्यात दोष नाही, हा दुसरा. हा वालीला त्या कक्षेबाहेर ढकलतो. वाली शिक्षेपुरता माणूस आहे आणि वधाच्या रीतीपुरता वानर. ‘सत्तांतर’च्या अनेक वाचनांत नेमके हेच घडते. नायकाच्या पराभवाचा अर्थ लावताना वानरे माणसे होतात. पिलांच्या हत्येचा अर्थ लावताना ती पुन्हा वानरे होतात, म्हणजे निसर्ग ठरतात. दोन्ही बाजूंनी वाचकाची सोय होते.

येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. व्यंकटेश माडगूळकरांचे थोरले बंधू ग. दि. माडगूळकर यांच्या ‘गीतरामायणा’त वालीवधावर स्वतंत्र गीत आहे आणि त्यात राम आपल्या कृतीचे समर्थन करतो. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये आठवड्याला एक याप्रमाणे ही गीते महाराष्ट्राने ऐकली. वानरराज्याच्या सत्तांतराची नीतिमान मांडणी अशी एका भावाने केली आणि सुमारे पाव शतकाने दुसऱ्याने तिच्यातून नीतीच काढून घेतली. दोघांत काही संवाद होता असा दावा करण्याचे कारण नाही. तथापि मराठी वाचकाच्या कानात पहिली मांडणी अगोदरच बसलेली असल्याने दुसरी वाचताना तो नकळत समर्थनाची वाट पाहतो, एवढे निश्चित.

‘सत्तांतर’मधील घटना लेखकाच्या कल्पनेतून आलेली नाही. तिच्यामागे वानरांच्या निरीक्षणाचा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा कोल्हापूरहून फार दूर नसलेल्या धारवाडच्या जंगलात आहे. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६१ ते १९६३ या काळात तेथील वानरांचा अभ्यास केला. एका टोळीत एकच प्रौढ नर, बाकी माद्या व पिले. आणि बाहेर फिरणाऱ्या केवळ नरांच्या वेगळ्या टोळ्या, अशी रचना त्यांना आढळली. अशा नरांनी एका टोळीवर हल्ला केला, तिच्या नायकाला हुसकावले, मग हल्लेखोरांपैकी एकाने आपल्या सोबत्यांनाही हाकलले आणि एकट्याने टोळी ताब्यात घेतली. त्यानंतर पिलांना चावे बसू लागले व ती नाहीशी होत गेली. पुढे अमेरिकन संशोधिका सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावरील वानरांवर काम करून १९७७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या हिशेबाने नायकाची कारकीर्द सरासरी सव्वादोन वर्षांची. अंगावर पीत असलेले पिलू असेपर्यंत मादी पुन्हा माजावर येत नाही. एवढ्या अपुऱ्या मुदतीत स्वतःची संतती वाढवायची तर आधीच्याची पिले हा नव्या नायकाला अडथळा असतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे.

हे स्पष्टीकरण सर्वांनी लगेच स्वीकारले नाही. वस्तीच्या दाटीमुळे आलेली ही विकृती आहे, असे मानणारा पक्षही होता; आणि त्याच्या हाताशी पुरावा होता, कारण फिलिस जे यांना १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर व मध्य भारतात ज्या टोळ्या दिसल्या होत्या त्यांत अनेक नर एकत्र नांदत होते आणि हिंसा फारशी नव्हती. म्हणजे वानरांतही ‘टोळीचा नियम’ एक नाही. लांडग्यांच्या बाबतीतही असेच झाले. झुंजून कळपाचा प्रमुख होणाऱ्या लांडग्याची कल्पना डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने लोकप्रिय झाली. १९९९ मध्ये त्याच संशोधकाने लिहिले की रानातला कळप हे बहुधा एक कुटुंब असते आणि त्यातले प्रमुख म्हणजे आईबापच. पात्रभूमिकेच्या खेळातील लांडग्यांच्या जमाती मात्र जुन्या कल्पनेवरच चालत राहिल्या. त्यांचा वाङ्‌मयीन पूर्वज विदर्भाच्या उत्तरेला लागून असलेल्या सिवनीच्या जंगलात सापडतो : किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधील (१८९४) म्हातारा अकेला, ज्याची झेप चुकली की त्याच्या जिवावर उठण्याचा हक्क तरुण लांडग्यांना मिळतो.

आता कादंबरीकडे वळावे. वर सांगितलेले चार प्रश्न ‘सत्तांतर’ला विचारले असता काय दिसते? आव्हान कोणी द्यावे याला मर्यादा नाही. ज्याच्यात बळ आहे तो येतो. केव्हा, याला उत्तर नाही. साक्षीदार आहेत, पण माद्यांना केवळ प्रेक्षक म्हणता येत नाही, कारण निकालाची सर्वाधिक किंमत त्याच मोजणार असतात. हर्डी यांच्या अभ्यासाचे महत्त्वही यातच आहे की त्यांनी माद्यांना निष्क्रिय मानले नाही. पिलाला घेऊन काही काळ टोळीपासून दूर राहणाऱ्या, नव्या नराला एकजुटीने अडवणाऱ्या, वयस्क असूनही दुसरीच्या पिलासाठी अंगावर वार घेणाऱ्या माद्या त्यांनी नोंदल्या. आणि हरणाऱ्याचे काय, या चौथ्या प्रश्नाला येथे उत्तर मिळते ते त्याच्या पिलांच्या मृत्यूने.

या ठिकाणी किष्किंधा आणि ‘सत्तांतर’ यांतील अंतर स्पष्ट होते. वाली मरताना अंगदाला सुग्रीवाच्या हाती सोपवतो, सुग्रीव राजा होतो आणि अंगद युवराज. तारा सुग्रीवाकडे जाते, हे वानरटोळीतल्यासारखेच. पण पराभूताचा मुलगा जगतो, एवढेच नव्हे तर पुढच्या राज्याचा अधिकारी ठरतो. पुढे लंकेत रामाचा दूत म्हणून जाणारा अंगद तो हाच. वाल्मीकींच्या वानरांनी आव्हानाला रूढी केले याचा पुरावा गर्जनेत किंवा द्वंद्वात शोधण्यापेक्षा अंगदाच्या जिवंत राहण्यात शोधावा. ‘सत्तांतर’मध्ये अंगद नाही. म्हणून तेथे जे घडते ते घटना आहे. तिला रूढी म्हणणे हा वाचकाने केलेला आरोप आहे. माडगूळकरांनी हा आरोप टाळण्यासाठी काही गोष्टी जाणीवपूर्वक केलेल्या दिसतात. त्यांची वानरे पंचतंत्रातल्या प्राण्यांसारखी नीती सांगत नाहीत. त्यांना दिलेली नावे माणसांची नसून शरीराच्या खुणांवरून वा लकबींवरून पडलेली आहेत. निवेदन हकिकत सांगते. न्यायनिवाडा करीत नाही.

असे असताना शीर्षक मात्र ‘सत्तांतर’ आहे, आणि हा शब्द वर्तमानपत्रातला आहे. कादंबरी आली त्याच्या आधीची पाच-सहा वर्षे मराठी वाचकाने सत्तांतरे पाहण्यातच घालवली होती. १९७७ मध्ये केंद्रात जनता पक्ष आला, १९७८ मध्ये महाराष्ट्रातील वसंतदादा पाटील यांचे सरकार पडून शरद पवार मुख्यमंत्री झाले, १९८० मध्ये इंदिरा गांधी परत आल्या आणि राज्यातले सरकार बरखास्त झाले. अशा वाचकाने ही कादंबरी राजकीय रूपक म्हणून वाचली तर त्याला दोष देता येत नाही. शीर्षकानेच त्याला तसे खुणावले आहे. अडचण येते ती रूपक उलट्या दिशेने चालू लागते तेव्हा. माणसांचे राजकारण वानरांसारखे आहे, ही टीका झाली. वानरांत असेच चालते, म्हणून माणसांतही चालणारच, हे समर्थन झाले. पहिल्या वाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचा प्रवास फार थोड्या वेळात होतो आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो बहुधा एकाच परिच्छेदात पूर्ण होतो. २०२२ नंतर महाराष्ट्रात पक्ष, चिन्ह आणि नायकत्व यांविषयीचे वाद निवडणूक आयोग व सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेले; त्या काळातही ‘शेवटी जंगलाचा कायदा’ हे वाक्य अनेकांच्या तोंडी होते. ज्या वादात घटनेच्या दहाव्या परिशिष्टातील शब्दांवर महिनोन्‌महिने युक्तिवाद झाले, त्याला जंगलाचा कायदा म्हणणे हे जंगलाविषयी आणि कायद्याविषयी सारखेच अज्ञान आहे.

याहून गंभीर परिणाम ‘टोळी’ या शब्दाच्या चौथ्या अर्थावर होतो. आदिवासी समाजात नायकत्व बाहुबळाने बदलते, ही समजूत खेळांनी आणि चित्रपटांनी पक्की केली आहे आणि ‘टोळीप्रमुख’ या शब्दाने तिला मराठीत आयते घर दिले आहे. प्रत्यक्षात काय दिसते? बस्तरच्या मुरिया गोंडांच्या घोटुलावर व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये ग्रंथ लिहिला. तरुण-तरुणींच्या या संस्थेला स्वतःचे प्रमुख व अधिकारी असत. पण लग्न झाले की घोटुल सोडायचे, त्यामुळे प्रमुखाची सत्ता कोणी हिसकावून घेण्याआधी त्याच्या लग्नानेच संपत असे. नायकत्वाला मुदत घालण्याची याहून सौम्य रीत सापडणे कठीण. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची पद्धत स्वीकारली आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत ते गणले गेले. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. तेथे आव्हान देणाऱ्याला नायकाशी झुंजावे लागत नाही. त्याने ‘नाही’ म्हटले की पुरते.

याचा अर्थ अशा समाजांत सत्ता जाचक नसते असा मात्र नव्हे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) कैकाडी समाजातील जातपंचायतीचे जे चित्र मराठी वाचकापुढे ठेवले, त्यात पंचांची सत्ता द्वंद्वाची नसून दंडाची आणि वाळीत टाकण्याची आहे. पंचाला मल्लयुद्धात हरवून ती संपत नाही. तिला आव्हान मिळाले ते शिकलेल्या तरुणाच्या लेखणीकडून, चळवळींकडून आणि अखेर महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याकडून. भटक्या-विमुक्तांची आत्मकथने ही या अर्थाने नायकत्वाच्या आव्हानाचीच कथने आहेत. ‘टोळीचा नियम’ या नावाखाली ती वाचली तर त्यांतले आव्हान नेमके कोणाला आहे हेच दिसेनासे होते. ज्या समाजांना १८७१ च्या कायद्याने ‘गुन्हेगार जमाती’ ठरवले, त्यांच्यासंबंधी ‘टोळी’ हा शब्द वापरताना मराठीच्या शिक्षकाने दोनदा विचार करावयास हवा.

माडगूळकरांच्या स्वतःच्या लेखनातच या समजुतीला उत्तर आहे. ‘सत्तांतर’च्या सत्तावीस वर्षे आधी, १९५५ मध्ये, त्यांनी ‘बनगरवाडी’ लिहिली. माणदेशातील धनगरांची ही वस्ती आणि तिचा म्हातारा कारभारी. त्याच्या अंगात कोणाला लोळवण्याची ताकद उरलेली नाही. तरीही वाडीत त्याचा शब्द चालतो, तंटे त्याच्यापुढे येतात आणि नव्या मास्तरला वाडीत पाय रोवायचा तर त्याच्या मर्जीतूनच रोवावा लागतो. कारभाऱ्याचे मास्तरशी बिनसते तेव्हा तो हात उगारीत नाही. तो बोलेनासा होतो, आणि तेवढे पुरते. विशेष म्हणजे या कादंबरीत तालीमही आहे. मास्तरच्या पुढाकाराने वाडी राबून ती उभी करते आणि संस्थानचे राजे ती पाहायला येतात. बळाची उपासना करणारी जागा गावात तयार होते, तरी तिच्यातून कारभाऱ्याच्या पदाला आव्हान देणारा कोणी उभा राहत नाही, कारण त्या पदाचा आणि बळाचा संबंध नाही हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

दोन्ही कादंबऱ्या एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवून शिकवल्या तर पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतील. एकीत वानर आहेत, दुसरीत धनगर. दोहोंना बाहेरचा माणूस सहज ‘टोळी’ म्हणेल. ‘सत्तांतर’मध्ये नायक बदलतो आणि टोळी टिकते. ‘बनगरवाडी’त उलट आहे. नायकत्व कोणी हिरावून घेत नाही; पाऊस पडत नाही. दुष्काळात मेंढरे मरू लागतात, माणसे चाऱ्याच्या नि पोटाच्या शोधात वाट फुटेल तिकडे जातात, आणि मास्तर निघतो तेव्हा मागे उरलेली घरे रिकामी असतात.